वडिलांचा व्यवसाय

(अकादमीच्या वार्षिक कार्यक्रमात केलेल्या भाषणाचा मजकूर. बोलण्याच्या ओघात झालेली पुनरुक्ती तेवढी कमी केली आहे.)



भाषणाचा विषय काय ठेवायचा असं मला विचारलं तेव्हा मी ‘सीमाभागातली बोली’ असं सांगितलं होतं. कार्यक्रमपत्रिकेत तोच विषय छापला आहे. माझ्या नावाखाली ‘हॉटेल व्यावसायिक’ असं छापलं आहे. तेही मीच सांगितलं होतं. इथं येताना बसमध्ये पत्रिका हातात होती आणि ते दोन शब्द मला टोचायला लागले. त्यांचं कारण आधी सांगतो, म्हणजे पुढचं बोलणं समजायला सोपं जाईल.

गेल्या जूनमध्ये माझ्या मुलीचा आठवीचा प्रवेश होता. शाळेचा अर्ज कन्नडमध्ये. ‘तंदेय उद्योग’, म्हणजे वडिलांचा व्यवसाय, या ओळीपुढं तिनं ‘हॉटेल’ लिहिलं. मी सहीसाठी कागद हातात घेतला आणि विचारलं, “बाई, आपलं हॉटेल हाय का?” ती म्हणाली, “मग काय लिहू पप्पा, तुम्हीच सांगा.” मी पेन हातात धरून बसलो. सांगता आलं नाही. सही केली आणि कागद परत दिला.

मंडळी, मी बार चालवतो. मंठाळमध्ये सात टेबलांचा बार आहे आणि त्याच्या मागं एक चूल आणि दोन शेगड्यांचं स्वयंपाकघर. बाहेरच्या पाटीवर कन्नड आणि मराठीत लिहिलं आहे : ‘घरगुती जेवण मिळेल’. दारू मिळेल असं पाटीवर लिहावं लागत नाही. ते लोकांना माहीत असतं.

आता जरा गाव सांगतो. मंठाळ बसवकल्याण तालुक्यात, बीदर जिल्ह्याच्या कडेला आहे. पलीकडं कलबुर्गी जिल्हा. म्हातारी माणसं अजून गुलबर्गाच म्हणतात. महाराष्ट्रही फार लांब नाही. १९४८ पर्यंत हा सगळा मुलूख निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. १ नोव्हेंबर १९५६ ला भाषावार राज्यं झाली तेव्हा जुन्या बीदर जिल्ह्याचे तीन वाटे झाले. उदगीर, निलंगा, अहमदपूर तेव्हाच्या मुंबई राज्यात गेले आणि पुढं महाराष्ट्रात आले. जहीराबाद, नारायणखेड आंध्राकडं गेले. उरलेला जिल्हा, आमच्या कल्याणसकट, म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात राहिला. राज्यांच्या वाटण्या झाल्या, सोयरिकींच्या झाल्या नाहीत. आमच्याकडं एकाच घरात सासू मराठी बोलते, सून कन्नड बोलते, आणि दोघी मिळून बांगडीवाल्याशी उर्दूत भाव करतात. माझे आजोबा उर्दूत शिकले, वडील मराठीत, मी सातवीपर्यंत मराठीत आणि पुढं कन्नडात. माझी मुलगी कन्नड शाळेत शिकते आणि मोबाइलवर तिघींत लिहिते.

आमचा धंदा खानावळीपासून सुरू झाला. वडिलांनी बसथांब्याजवळ पत्र्याच्या शेडमध्ये ती काढली होती. बाहेरगावचे मास्तर, बसचे ड्रायव्हर-कंडक्टर, बाजारच्या दिवशी आलेले शेतकरी हे गिऱ्हाईक. माय भाकरी थापायची, वडील वाढायचे. तुमच्यात भाषेचे अभ्यासक आहेत म्हणून सांगतो, ‘खानावळ’ हा आपला शब्द कन्नडनं उचलला आहे. धारवाड-हुबळीपासून आमच्यापर्यंत ‘खानावळी’ अशा पाट्या दिसतात. मराठी माणसाला त्या पाटीखाली उभं राहिलं की आपल्या गावात आल्यासारखं वाटतं, आणि आत गेलं की ताटात जोळद रोट्टी येते, म्हणजे आपलीच भाकरी.

त्या काळी गावोगाव सराई मिळायची. सराई म्हणजे सरकारमान्य देशी दारू, प्लास्टिकच्या पाकिटात. माणसं पाकिटाचा कोपरा दातानं तोडायची आणि उभ्या उभ्या रिकामं करायची. उपाशीपोटी. १ जुलै २००७ पासून कर्नाटकात सराई बंद झाली. पाकिटं गेली, पिणारे गेले नाहीत. ते इंग्लिश दारूकडं वळले. आमच्याकडं व्हिस्की-रमला इंग्लिशच म्हणतात, ती कुठंही तयार झालेली असो. त्यानंतर दोनेक वर्षांनी वडिलांनी दोन एकर रान विकलं आणि तालुक्यातला एक जुना परवाना रीतसर नावावर करून घेतला.

घरात त्यावरून तीन महिने बोलणं बंद होतं. माय म्हणायची, अन्न विकलं तेवढं बास, आता हे नको. वडील म्हणायचे, दोन पोरांची शिक्षणं भाकरीवर होत नाहीत. शेवटी माय एका अटीवर तयार झाली. तिच्या चुलीवरचं अन्न दारूबरोबर तोंडी लावायला म्हणून जायचं नाही. जेवण म्हणून जाईल, ताटात जाईल, भाकरीसकट. ती म्हणाली, “पोटात भाकर असंल तर माणूस घरापर्यंत तरी चालत जातंय.”

ही अट आजही आमच्याकडं आहे. शेंगदाणे, कांदा, फुटाणे हे टेबलावर मिळतं. पण पुंडी पल्या नुसती वाटीत मागितली तर मिळत नाही. नवं गिऱ्हाईक चिडतं. जुनं गिऱ्हाईक त्याला समजावून सांगतं.

आमच्या परवान्याला सरकारी भाषेत सीएल-९ म्हणतात. त्याचं इंग्रजी नाव मोठं गमतीचं आहे. त्याचा अर्थ होतो ‘अल्पोपाहाराची खोली’, आणि मग कंसात ‘बार’. म्हणजे माझ्या मुलीनं अर्जात जे केलं तेच कायद्यानंही केलं आहे. खरा शब्द कंसात ठेवला आहे.

आता आमचा दिवस कसा असतो ते सांगतो. सकाळी सहाला चूल पेटते. माय आता थकली, ती खुर्चीवर बसून सांगते. बायको आणि मदतीला दोन बाया. आदल्या रात्री ज्वारीचं दळण आणलेलं असतं. पिठात उकळतं पाणी घालून मळायचं, नाहीतर भाकरीला चिरा पडतात. रोजच्या साठ-सत्तर भाकरी, बाजारच्या दिवशी शंभरावर. पातळ थापून तव्यावर करकरीत वाळवलेली कडक भाकरी वेगळी. ती आठवडाभर टिकते आणि हैदराबाद-पुण्याला कामाला जाणारे लोक ती बांधून नेतात.

सकाळी दहाच्या आत दारू विकता येत नाही. तोवर आमचं दुकान म्हणजे नुसती खानावळ असते. त्या दोन-तीन तासांत मास्तर येतात, पोस्टातले येतात, दवाखान्यातल्या बाया डबा घेऊन जातात. दहा वाजले की त्या बाया पुढच्या दारानं येत नाहीत. दार तेच, टेबलं तीच, वरणही त्याच भांड्यातलं. फक्त मी कपाटाचं कुलूप काढलेलं असतं.

जेवण साधंच असतं. तुरीचं घट्ट वरण रोज. तूर आमच्या भागाचं सोनं. कलबुर्गीच्या तूरडाळीला २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळालं, पण तिची चव आम्हाला आधीपासून माहीत होती. पुंडी पल्या म्हणजे अंबाडीची भाजी. अंबाडीचा पाला, थोडी डाळ, ज्वारीच्या कण्या, हिरवी मिरची, वरून लसणाची फोडणी. झुणका. शेंगाचटणी, कारळ्याची चटणी, जवसाची चटणी. रविवारी आणि बुधवारी गावरान कोंबडीचा रस्सा. सकाळी कधी सुशीला, म्हणजे भिजवलेल्या चुरमुऱ्यांचा. लातूरकडं त्याला सुशीला म्हणतात, आमच्याकडं कन्नड माणूस सुसला म्हणतो. एक पुण्याचा मुलगा आला होता, पवनचक्कीच्या कामावर. त्यानं फळ्यावर ‘सुशीला’ वाचलं आणि मला हळूच विचारलं, “या कोण?”

मी हे शब्द लिहून ठेवायला लागलो त्याचं कारण एवढंच की गल्ल्यावर बसलेल्या माणसाला दुपारी दोन ते पाच काही काम नसतं. उधारीच्या वहीच्या मागच्या पानांवर मी ते लिहिले. एकाच भाजीला मराठी गिऱ्हाईक अंबाडी म्हणतं, कन्नड गिऱ्हाईक पुंडी, उर्दू बोलणारं अंबाडा, आणि हैदराबादकडून आलेला ड्रायव्हर गोंगुरा. चारही जण एकाच पातेल्यातून जेवतात. कारळ्याला कन्नडात गुरेळ्ळू, जवसाला अगसी. शेंगा मात्र दोन्हीकडं शेंगाच. तूप हा शब्द आपण कन्नडातल्या ‘तुप्प’वरून घेतला हे आपल्या शब्दकोशांत आहेच. येळवसेला, म्हणजे वेळा अमावास्येला, रानात जे उंडे करतात तो उंडे शब्द कन्नडात कुठल्याही गोळ्याला लागतो. लग्नातल्या आमटीला जो येसर लावतात त्याचं नातं कन्नड ‘एसरु’शी असावं असं मला वाटतं. एसरु म्हणजे आधणाचं पाणी. हे माझं वाटणं आहे. तुमच्यातल्या जाणकारांनी ते तपासावं.

येळवसेचं नाव निघालं म्हणून सांगतो. त्या दिवशी दुपारी आमचा बार बंद असतो. कायद्यानं नाही, गिऱ्हाईकच नसतं म्हणून. सगळं गाव रानात. भज्जी, आंबील, उंडे घेऊन माणसं आपल्या बांधावर जातात आणि रस्त्यानं जाणाऱ्या अनोळखी माणसालाही हाक मारून जेवायला बसवतात. रोज माझ्या टेबलावर पैसे देऊन जेवणारा माणूस त्या दिवशी मला आपल्या रानात आग्रहानं वाढतो. वर्षातून एक दिवस मी पाहुणा असतो.

आता दारूच्या शब्दांकडं येतो. माझ्या वहीत अन्नाच्या शब्दांना पाच पानं लागली, दारूच्या शब्दांना नऊ.

पहिली गोष्ट, माझ्या बारमध्ये ‘दारू’ हा शब्द कुणी उच्चारत नाही. मराठी माणूस ‘बसायचं का?’ असं विचारतो. बसणं म्हणजे पिणं. ‘काल जरा बसलो होतो’ म्हटलं की समोरच्याला कळतं. ‘घेता का?’ विचारलं तर काय घेता ते सांगावं लागत नाही. कन्नड पोरं ‘एण्णे’ म्हणतात. एण्णे म्हणजे तेल. ‘एण्णे हाकोण’ म्हणजे तेल टाकू या. उर्दू बोलणारे म्हातारे ‘दवा’ म्हणतात. मापांना मात्र सगळे इंग्रजी नावं वापरतात : नाइंटी, क्वार्टर, हाफ. इंग्रजीत मोजलं की जणू ते आपल्या घरातलं राहत नाही.

भांडणं बहुतेक हिंदीत होतात. मराठी माणूस असो की कन्नड, आवाज चढला की हिंदी येते, सिनेमातली. रडणं मात्र ज्याच्या त्याच्या मायबोलीत. स्वयंपाकघराच्या आणि बारच्या मधल्या भिंतीला एक लहान खिडकी आहे, ताटं त्यातून येतात. माझी बायको त्या खिडकीतून माणसं बघत नाही, ऐकते. तिला फक्त ऐकून कळतं की कुणाला आता आणखी देऊ नये. ती ताटाबरोबर सांगते, “तिसऱ्या टेबलावरचे हिंदी बोलायलेत.” मी समजतो.

एक शब्द मला फार महागात पडला. तो सांगण्यासाठीच मी आज उभा आहे, नाहीतर एवढ्या लांब आलो नसतो.

मराठी गिऱ्हाईक मला ‘अण्णा’ म्हणतं किंवा ‘मालक’. कन्नड गिऱ्हाईक ‘सावकार’ म्हणतं. आमच्याकडच्या कन्नडमध्ये सावकार ही आदरानं मारायची हाक आहे. दोन पैसे असलेला, मानाचा माणूस. मराठीत सावकार म्हणजे व्याजानं पैसे देणारा, रान गहाण ठेवून घेणारा. मला ती हाक आधी खटकायची. मग सवय झाली. मग आवडायला लागली. आणि उधारीची वही भरत गेली तसा मी दोन्ही भाषांतला सावकार झालो, आणि ते माझ्या लक्षात आलं नाही.

आमच्या भागात पैसा वर्षातून एकदा येतो. डिसेंबर-जानेवारीत तूर निघते, ती विकली की पैसा. मधले महिने गाव उधारीवर चालतं. किराणा, खत, दवाखाना, सगळं. मग बार का नाही? प्रत्येकाचं एक पान. तारीख, माल, रक्कम. तूर विकली की माणसं येतात, मी पान वाचून दाखवतो, ते मोजून देतात, मी आडवी रेघ मारतो. कुणी कुणाला फसवलं नाही. मी कधी व्याज लावलं नाही, आणि त्याचा मला अभिमान होता.

एका पावसाळ्यात दुपारी मागच्या दाराशी एक बाई आली. आमच्याच गावची, नवरा आमचा रोजचा. तीन एकर कोरडवाहू रान. ती आत आली नाही, पदर धरून उंबऱ्याशी उभी राहिली आणि म्हणाली, “अण्णा, एक मागणं हाय. आमच्या मालकाचं नाव वहीत लिहू नका. रोख देऊन पितेत तर पिऊ द्या, मी काय म्हणत नाही. पण वहीवर देऊ नका. वही भरायलीय आन् घर रिकामं व्हायलंय.”

मी तिला वाईट बोललो नाही. चांगलंच बोललो. म्हणालो, “ताई, मी नाही दिली तर दुसरीकडं घेतील. इथं निदान जेवून तरी जातेत.” यात एक शब्द खोटा नव्हता. ती थोडा वेळ उभी राहिली. म्हणाली, “बरं.” आणि गेली. माझी माय खुर्चीवर बसून ऐकत होती. ती काही बोलली नाही. त्या संध्याकाळी तो माणूस आला, मी त्याच्या पानावर लिहिलं.

त्या वर्षी तूर बरी झाली होती. तो जानेवारीत आला. मी पान वाचलं. एक पान नव्हतं, तीन होती. त्याच्या तुरीच्या पैशातला निम्म्याच्या वर भाग माझ्या गल्ल्यात आला. त्यानं कटकट केली नाही, मोजून दिले, ‘सावकार, हिशेब चोख तुमचा’ म्हणाला. मी तिन्ही पानांवर रेघा मारल्या. महिन्याभरानं ते कुटुंब हैदराबादला बांधकामावर गेलं. त्यांची थोरली मुलगी माझ्या मुलीच्या वर्गात होती. माझी मुलगी घरी येऊन म्हणाली की तिची जागा रिकामी आहे. मग आठवड्यानं म्हणाली की हजेरीत तिचं नाव आता घेत नाहीत.

ते गेले ते फक्त माझ्या वहीमुळं गेले असं मी म्हणणार नाही. पाऊस, खताचे भाव, भावकीतली वाटणी, बरंच होतं. आमच्या भागातली माणसं पिढ्यान्‌पिढ्या हैदराबाद, सोलापूर, पुणे, मुंबई करतात. पण ती बाई माझ्याकडं दारू बंद करा असं म्हणायला आली नव्हती. तिनं मला एक नाव लिहू नका म्हणून सांगितलं होतं. लिहिणं, न लिहिणं हे माझ्या हातात होतं. तुम्ही सगळी लिहिणारी माणसं आहात. एखादं नाव कागदावर आलं की काय होतं आणि नाही आलं की काय होतं हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक असेल. मला ते त्या दोन हजेऱ्यांतून कळलं, एक माझ्या वहीतली आणि एक शाळेतली.

पुढच्या १ जुलैला, म्हणजे आमच्या परवान्याचं नवं वर्ष सुरू होतं त्या दिवशी, मी नवी वही आणली आणि गल्ल्यावर सांगून टाकलं : दारू रोख, जेवण उधार. वहीत फक्त भाकरी, वरण, भाजी, रस्सा. दारूचा एक थेंब वहीत येणार नाही.

याचा परिणाम काय झाला ते खरं सांगतो. पहिल्या सहा महिन्यांत रोजच्या गिऱ्हाइकांतली बरीच माणसं तुटली. ती पिणं सोडून गेली नाहीत, दुसरीकडं गेली. काही जण चोरून विकणाऱ्यांकडं जातात, तिथं जेवण मिळत नाही. म्हणजे मी त्या बाईला जे सांगितलं होतं ते खरंच ठरलं. वडील म्हणाले, “मी म्हणलो नव्हतो?” माल सगळा सरकारी महामंडळाच्या डेपोतून येतो, त्याचे पैसे आधी भरावे लागतात. परवान्याची फी दरवर्षी भरावी लागते. दोन वर्षं ओढाताण झाली. अजून आहे.

पण काही घरी बदल झाला. रोख नसलं की माणूस येतो, दोन भाकरी वहीवर खातो आणि जातो. आधी मला वाटायचं, बारमध्ये येऊन नुसतं कोण जेवेल? येतात. त्यांना बसायला जागा हवी असते, पंखा हवा असतो, चार माणसं हवी असतात. ‘बसणं’ या शब्दाचा जुना अर्थ थोडा परत आला म्हणा. आणि मागच्या दाराला संध्याकाळी बाया येतात, भाकरी-भाजीचं पार्सल घेऊन जातात, कधी रोख, कधी वहीवर. ती खाती त्यांच्या नावानं आहेत. आमच्या वहीत बायांची नावं पहिल्यांदा आली.

या वहीच्या मागच्या पानांवरचे शब्द आमच्या भागातल्या कॉलेजातल्या एका मराठीच्या मास्तरांनी पाहिले. ते सकाळी नाष्ट्याला येतात, दहाच्या आधी. त्यांनी अकादमीला कळवलं आणि मी इथं आलो. त्यांनीच मला आणखी दोन गोष्टी सांगितल्या, त्या सांगून थांबतो.

आमच्या तालुक्याचं गाव म्हणजे चालुक्यांची राजधानी कल्याणी. बाराव्या शतकात तिथल्या सोमेश्वर तिसरा या राजानं ‘मानसोल्लास’ हा संस्कृत ग्रंथ रचला. पाच विंशती, शंभर अध्याय. त्यात राजानं काय काय भोगावं ते आहे, आणि अन्नभोगाचा भाग मोठा आहे. मांडे आहेत, पुऱ्या आहेत, इडरिका आणि धोसक या नावांनी आपली इडली-डोशाची पूर्वजमंडळी आहेत. राजाच्या स्वयंपाकघराची नोंद आहे. ते जेवण बनवणाऱ्यांत माझ्या मायसारखी कोण होती, तिचं नाव काय, ते आपल्यापर्यंत आलेलं नाही.

दुसरी गोष्ट त्याच शतकातली, त्याच गावातली. बसवेश्वरांचा अनुभवमंटप कल्याणचा. तिथं जमणाऱ्या शरणांची नावं तुम्ही ऐकली असतील. मडिवाळ माचय्या : मडिवाळ म्हणजे परीट. अंबिगर चौडय्या : अंबिगर म्हणजे नावाडी. प्रत्येकाचं काम त्याच्या नावाच्या आधी. काम म्हणजे कायक, त्यातून मिळालेलं वाटून खाणं म्हणजे दासोह, ही त्यांची शिकवण. त्या शरणांत एक आहे हेंडद मारय्या. हेंड म्हणजे ताडी, दारू. ताडी विकणारा मारय्या. त्याची थोडी वचनं आज उपलब्ध आहेत, कन्नड साहित्यात तो वचनकार म्हणून वाचला जातो. मास्तरांनी हे नाव सांगितलं तेव्हा मी गल्ल्यावर बसलो होतो. मी त्यांना तीन वेळा विचारलं, “हेंडद? नक्की हेंडदच?”

मला त्याच्या पंगतीत बसायचं नाही. माझी तेवढी लायकी नाही, आणि मी आजही दारू विकूनच घर चालवतो. उद्या रात्री परत गेलो की परवा सकाळी दहाला कपाटाचं कुलूप काढणार आहे. दारू चांगली असं मी कुणाला सांगणार नाही आणि माझा धंदा पुण्याचा असंही म्हणणार नाही. मला फक्त एवढं वाटलं की आठशे-नऊशे वर्षांपूर्वी आमच्याच गावाजवळ एका माणसानं हा धंदा नावापुढं लावून घेतला आणि तो लपवावा असं त्याला किंवा त्याच्या सोबत्यांना वाटलं नाही. धंद्याचं नाव सरळ घेतलं म्हणजे त्याचा हिशेबही सरळ द्यावा लागतो. ‘हॉटेल’ म्हटलं की त्या बाईला मी कधी उत्तर देणं लागत नव्हतो. ‘बार’ म्हटलं की लागतो.

शब्दांचे अभ्यासक इथं बसले आहेत. माझ्या वहीतली चौदा पानं मी अकादमीला देऊन जातो. अन्नाची पाच, दारूची नऊ. त्यातलं चूक-बरोबर तुम्ही ठरवा. एक विनंती आहे. हे भाषण वार्षिक अंकात छापाल तेव्हा माझ्या नावाखाली ‘हॉटेल व्यावसायिक’ छापू नका. मुलगी पुढच्या वर्षी नववीत जाईल. पुन्हा अर्ज येईल. त्यावर काय लिहायचं ते तिचं ती ठरवेल, पण मी सांगायचं टाळलं असं तिला वाटू नये.

मंठाळकडं आलात तर या. दहाच्या आधी या किंवा नंतर, जेवल्याशिवाय जाऊ देणार नाही.